कंबर धरली, खांदा वर जात नाही? हातानं करायच्या उपचारात काय होतं आणि काय होत नाही



16 जून ते 15 ऑगस्ट नदी-जलाशयातली मासेमारी बंद असते. जाळी सांधून होतात, डोंगे काठावर येतात, आणि वर्षभर "नंतर पाहू" म्हणून दाबून ठेवलेलं दुखणं याच दिवसांत आठवतं. पांढुर्णा आणि सौंसरकडच्या सभासदांकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो, "नागपूरले एक जण नुसत्या हातानं मणके बसवून देते म्हणे. गोळी नाई, सुई नाई. जाऊ का?"

या उपचाराला ऑस्टिओपॅथी म्हणतात. जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. पण तिथं काय होतं, कशाचा उपयोग होतो आणि कुठं सावध राहायचं, हे माहीत असलं तर पैसाही वाचेल आणि अंगही.

आपलं दुखणं येतं कुठून

डोंग्यात वाकून ओलं जाळं ओढायचं. एकाच हातानं जाळं फेकायचं. ट्यूबवर बसून चप्पू मारताना पाय पाण्यात आणि कंबर तासन् तास वाकलेली. बर्फाची पेटी एकट्यानं उचलायची. घरच्या बाया उकिडवं बसून मासे साफ करतात, मग डोक्यावर घमेलं घेऊन बाजाराला जातात. हाड जागेवरून सरकल्यामुळं दुखतं असं बहुतेक वेळा नसतं. स्नायू थकतात, सांधे आखडतात, आणि दुखायला लागलं की माणूस तो भाग हलवणंच सोडतो. त्यानं ते अजून आखडतं.

आणि हे फक्त आपलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती.

ही पद्धत आहे काय

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरांनी 1874 मध्ये हा विचार मांडला आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली. स्नायू, सांधे आणि हाडं हातानं तपासायची, दाबून, ताणून, हलवून मोकळी करायची, अशी ही पद्धत आहे. आज अमेरिकेत या शाखेची पदवी घेणारे पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनही करतात. इंग्लंडमध्ये 1993 च्या कायद्यानं त्यांची नोंदणी होते, पण ते मुख्यतः हातानंच उपचार करतात. आपल्या देशात ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात याची पदवी शिकवतात. आपल्या भागात हातानं उपचार करणारा शिकलेला माणूस शोधाल तर बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्ट भेटेल. दोघांच्या कामात बरंच सारखं आहे, म्हणून पुढची माहिती दोघांनाही लागू समजा.

पहिल्या दिवशी काय होईल

1. आधी विचारपूस. कधीपासून दुखतं, काम काय, रात्री दुखतं का, पायात मुंग्या येतात का, शुगर-बीपी आहे का, आधी कुठं पडलात का. सगळं खरं सांगा. जाळं कसं ओढता ते उभं राहून करून दाखवा. पोटात बाळ असलेल्या बाईनं ते आधीच सांगावं.

2. मग तपासणी. उभं राहायला, वाकायला, हात वर करायला लावतील. पायाची ताकद बघतील. अंगावरचे थोडे कपडे काढावे लागतात, म्हणून सैल कपडे घालून जा. बाईमाणसानं सोबत घरचं कुणी आत घ्यावं, हा आपला हक्क आहे. आत येऊ देत नसतील तर तिथून उठून या.

3. नंतर हाताचं काम. दाबणं, ताणणं, सांधा हळूहळू हलवणं. कधी एक छोटा झटका देतात आणि "कट्ट" आवाज येतो. हा आवाज म्हणजे हाड बसलं असं नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असंही नाही. झटका नको असेल तर "नको" म्हणा, दुसरे मार्ग असतात.

4. शेवटी घरी करायचा व्यायाम. हा सांगितलाच नाही तर उपचार अर्धाच झाला.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं, थकवा वाटणं हे होऊ शकतं. पण दुखणं वाढतच गेलं किंवा हात-पाय बधिर झाले तर लगेच डॉक्टरला दाखवा.

किती वेळा जावं लागेल

उसण भरली, लचक आली, तर बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते, फक्त खाटेवर पडून राहू नये. हाताच्या उपचारानं दुखणं कमी होतं, हालचाल सुटते, पण चमत्कार होत नाही. चार-सहा वेळा जाऊन काहीच फरक नसेल तर "अजून दहा वेळा या" या बोलण्यावर आगाऊ पैसे भरू नका. बीपी, शुगर, दमा, पोटाचे आजार मणक्यातून बरे करतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, आणि चालू गोळ्या बंद करू नका.

जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सल्ला दिला आहे. व्यायाम, दुखण्याची नीट समज, मालिश आणि मणक्यावरचे हाताचे उपचार यांचा उपयोग होऊ शकतो. मात्र कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचा उपचार म्हणून नको. आपले कितीतरी भाऊ वर्षानुवर्षं पट्टा बांधून डोंग्यात बसतात. एकदा डॉक्टरला विचारून बघा, तो खरंच हवा का.

इथं हात लावू देऊ नका, आधी दवाखाना

• लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला. ही घाईची वेळ आहे, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.
• पायातली ताकद कमी होत चालली, चप्पल पायातून निसटते.
• पाठदुखीसोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारी कळ. मणक्याचाही टीबी होतो.
• पडल्यावर, गाडीवरून घसरल्यावर किंवा गोटमारीत गोटा लागल्यावर आलेली सूज आणि दुखणं. आधी एक्स-रे. म्हाताऱ्या माणसाचं हाड साध्या पडण्यानंही मोडतं.
• छातीत दाब, डाव्या खांद्यात किंवा जबड्यात कळ, घाम. हे हृदयाचं असू शकतं, मालिश करत बसू नका.
• पावसाळ्यात पाण्यात काम केल्यावर ताप, पोटऱ्या फार दुखणं, डोळे लाल. हा लेप्टोचा ताप असू शकतो. रक्त तपासा, "पाण्यात पाय आखडले" म्हणून सोडू नका.

मानेला झटका देण्याबाबत वेगळं सांगतो. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. मान जोरात फिरवू देऊ नका, मग तो शिकलेला असो, गावचा हाडवैद्य असो की केस कापणारा असो.

आणि एक. खांदा हळूहळू आखडत गेला, हात मागं जात नाही, तर शुगर तपासा. शुगरच्या माणसाला खांदा आखडायचा त्रास जास्त होतो.

कुणाकडं जावं

बोर्ड पाहून आत जाऊ नका. तीन गोष्टी विचारा: पदवी कोणती, कुठून घेतली, आणि किती पैसे किती वेळा. फिजिओथेरपीची पदवी बी.पी.टी. असते, चार वर्षांहून जास्त शिक्षण असतं. 2021 च्या केंद्राच्या कायद्यानं या व्यवसायाची नोंदणी आणि शिस्त ठरवली आहे. आठ दिवसांचं शिबिर करून "थेरपिस्ट" झालेल्याला हे विचारलं की तो चिडतो, त्यावरूनच समजून घ्या.

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी आपला मोठ्या दवाखान्याचा रस्ता अजून छिंदवाडा किंवा नागपूरलाच जातो. खाजगीत पैसा ओतण्याआधी छिंदवाड्याचं जिल्हा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल इथं हाडांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. फिजिओथेरपी लागत असेल तर तेच लिहून देतील. आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारासाठी आहे, रोजच्या बाहेरच्या मालिश-व्यायामासाठी नाही. मच्छीमारांचा सामूहिक विमाही अपघातासाठी आहे, झिजलेल्या कंबरेसाठी नाही. म्हणजे ही कंबर आपल्यालाच सांभाळायची आहे.

काम सुरू होण्याआधी एवढं करा

कुणाचाही हात अर्ध्या तासापुरता असतो, जाळं मात्र रोज ओढायचं आहे. म्हणून:

• जाळं ओढताना गुडघे थोडे वाकवा, पाय टेकवून अंगानं ओढा, नुसत्या कंबरेनं नाही.
• चप्पूची बाजू आणि जाळ्याचा हात अधूनमधून बदला.
• भरलेली पेटी दोघांनी उचला, अंगाजवळ धरून.
• मासे साफ करताना खाली पाट घ्या, जमलं तर उंच फळीवर कापा. दर अर्ध्या तासानं उठून दोन पावलं चाला.
• घमेलं भरून एक खेप करण्यापेक्षा अर्धं भरून दोन खेपा बऱ्या.
• बंदीच्या या दोन महिन्यांत रोज चालणं आणि सांगितलेला व्यायाम सोडू नका. 16 ऑगस्टला एकदम दिवसभर जाळं ओढाल तर कंबर पुन्हा धरणारच.

ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत सांगावं. दवाखान्यात एकटं जायला जमत नसेल तर चार-पाच जणांनी एकाच दिवशी मिळून जाण्याची सोय आपण लावू. बाया संकोचानं दुखणं सांगत नाहीत, म्हणून घरातल्या पुरुषांनी आज घरी गेल्यावर त्यांना एकदा नक्की विचारावं.