छापण्याआधीची नजर

नंदुरबारच्या बाजारपेठेत तिखटाच्या पाकिटापासून लग्नपत्रिकेपर्यंत आणि ग्रामपंचायतीच्या अहवालापासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत जे जे छापून येते, ते आधी कुठल्या तरी डीटीपीच्या टेबलावरून गेलेले असते. कोरलड्रॉमध्ये मजकूर बसवला जातो, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर नमुना जातो, तिकडून 'ओके' येते. त्या 'ओके'नंतर आणि प्लेट निघण्याआधी एक काम उरते, ते म्हणजे फाईल तपासणे. बिलात त्याचा उल्लेख नसतो, पण हजार प्रती विकायच्या की रद्दीत घालायच्या, ते तिथेच ठरते.

काळा मजकूर तपासताना पहिला प्रश्न असतो, हा काळा किती प्लेटांचा? रंगीत ऑफसेटला सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा लागतात. वर्डमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा काळा पडद्याच्या हिशेबाचा असतो. छपाईच्या रंगांत बदलताना तो अनेकदा चारही शाईंत वाटला जातो. तपासायची रीत सोपी आहे. ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडायचा आणि काळ्या प्लेटची खूण काढायची. मजकूर पूर्ण नाहीसा झाला, तर फाईल बरोबर. मागे मळकट तपकिरी अक्षरे उरली, तर तोच मजकूर इतर प्लेटांवरही गेला आहे. मशीनवर रंग केसभर हलला, की अशा मजकुराचे रफार आणि अनुस्वार दुहेरी दिसू लागतात. देवनागरीला हा फटका जास्त बसतो, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार दाटीने बसलेले असतात. पांढऱ्या अक्षरांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना चुकून ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न काढता त्यावरच छापण्याची सूचना, लागले, तर पडद्यावर ठसठशीत दिसणारे नाव कागदावर उमटतच नाही.

रेषेचे गणित फोटोपेक्षा निराळे आहे. फोटोला ३०० डीपीआय पुरतात. स्कॅन केलेल्या रेषाचित्राला, म्हणजे पत्रिकेवरच्या गणपतीला, पुस्तकातल्या नकाशाला, संस्थेच्या शिक्क्याला, छापायच्या मापात १२०० डीपीआय हवेत आणि तेही निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. करड्या छटा ठेवल्या तर रेषेची कड जाळीच्या ठिपक्यांत फुटते. जेपीईजी करून पाठवले तर कडेभोवती धुरकट डाग उमटतात. 'हेअरलाइन' ही अगदी बारीक रेष तर हमखास फसवते. ऑफिसच्या प्रिंटरवर ती नीट येते, पण २४०० डीपीआयच्या प्लेटवर एका ठिपक्याएवढी होऊ शकते. हा ठिपका मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. म्हणून जाडी निदान पाव पॉइंट धरायची. तिखटाच्या पाकिटावरचा बारकोड हेही रेषाचित्रच. तो एकाच काळ्या प्लेटवर हवा, हाताने ओढून दाबलेला नको आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा शाबूत हवी. एवढे पाळले नाही, तर दुकानातले स्कॅनर तो वाचत नाही आणि माल परत येतो.

रेषा आणि फोटो यांतला हा भेद संगणकाने आणलेला नाही. खिळ्यांच्या छपाईतही रेषाचित्राला जस्ताचा लाइन ब्लॉक आणि फोटोला हाफटोन ब्लॉक, अशी वेगळी तयारी असे. तपासणीही तशीच जुनी. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव झाले, ते सुबक टाइपाइतकेच शुद्ध छपाईसाठी. त्यामागे मुद्रितशोधकांची मेहनत होती.

आजच्या मराठी फाईलची मोठी अडचण फॉन्टची आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव या पिढीतल्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे पानभर रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडून प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' आहे ना, ते पाहायचे. बरेच ऑपरेटर मजकूर कर्व्ह करूनच पाठवतात. फॉन्टचा प्रश्न त्याने मिटतो, पण कर्व्ह झालेली अक्षरे नुसते आकार असतात. त्यांत नंतर वेलांटीही बदलता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपावी लागते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना वेगळेच अपघात होतात. पहिली वेलांटी अक्षर ओलांडून पलीकडे जाते. अक्कलकुव्यातल्या जोड 'क्क'चा पाय मोडतो. सातपुड्याच्या 'दऱ्या' लिहिलेल्या असतात आणि छापून येतात 'दर्या'. डोंगराळ धडगाव तालुक्यावरच्या अहवालात असा समुद्र शिरला, तरी कोणतेही सॉफ्टवेअर हटकत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. यंत्राची तपासणी इथे संपते. पुढे माणसाने वाचायचे असते.

नंदुरबार जिल्ह्यात हे वाचन अधिक मोलाचे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी असे बरेच काही बोलतो. इथल्याच वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ मध्ये आला आणि भिली शब्द पुस्तकाच्या पानावर मानाने उभा राहिला. अशा बोलींसाठी सहज हाताशी येईल असा शुद्धलेखन तपासनीस नाही. असलाच तर मराठीचा किंवा हिंदीचा, आणि तो पावरी शब्द चूक ठरवून त्याच्या जागी ओळखीचा शब्द सुचवतो. घाईत तो स्वीकारला, की लिहिणाऱ्याची भाषाच बदलून जाते. म्हणून स्वयंदुरुस्ती बंद ठेवावी आणि छापील प्रूफ ती बोली घरात बोलणाऱ्याच्या हाती द्यावे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून पाहायचे. आडनावांनाही तोच न्याय. वळवी, पाडवी, वसावे, गावित यांतले एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तरी दाखल्यावरचा माणूस वेगळा होतो.

निवडणुकीच्या पत्रकात तर एका बारीक ओळीला कायद्याचे वजन आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेतच. नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही ओळ बहुधा गडद पट्टीवर पांढऱ्या, अगदी लहान अक्षरांत जाते. शाई थोडी पसरली, की तीच आधी बुजते. ती काळ्या अक्षरांत, कोऱ्या जागेवर घ्यावी.

या कामाला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. तरीही डीटीपीवाला ते मुकाट्याने, फुकट करतो किंवा घाईत वगळतो, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. ते दिसायला हवे. प्लेट, कागद, छपाई यांच्याबरोबर 'फाईल तपासणी' अशी ओळ बिलात यावी आणि गिऱ्हाइकाने तिचे पैसे आनंदाने द्यावेत. बोलीतल्या पुस्तकाचे प्रूफ वाचणाऱ्यालाही त्याचे मानधन मिळावे. इथल्या पोरांच्या हाती त्यांच्या बोलीतले पहिले पुस्तक बिनचूक पडायचे असेल, तर एवढा खर्च आपण करायलाच हवा.