रेडिओवर गाणारा संगणक

अल्टेअर ८८०० या संगणकाला पडदा नव्हता, कळफलक नव्हता आणि आवाज काढण्याची कोणतीही सोय नव्हती. तरीही १६ एप्रिल १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे जमलेल्या हौशी मंडळींना त्याने बीटल्सचे 'द फूल ऑन द हिल' हे गाणे ऐकवले. गाणे ऐकू आले ते त्याच्यावर ठेवलेल्या एका साध्या ट्रान्झिस्टर रेडिओतून. रेडिओ आणि संगणक यांना जोडणारी एकही तार नव्हती.

हा संगणक न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरातल्या मिट्स या छोट्या कंपनीने तयार केला होता. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. गंमत म्हणजे मासिकाकडे पाठवलेला पहिला नमुना वाटेतच गहाळ झाला होता, त्यामुळे मुखपृष्ठावर छापली गेली ती आतून रिकामी असलेली पेटी. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला मिळे आणि डाग देऊन सर्व भाग जोडण्याचे काम ग्राहकाचे असे. आत इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर आणि २५६ बाइट स्मृती. इंग्रजीतली चार-पाच वाक्ये साठवली की ती भरलीच. प्रोग्राम द्यायचा तर दर्शनी पाटीवरचे छोटे स्विच एकेक करून वर-खाली करायचे आणि उत्तर वाचायचे ते लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांवरून. वीज गेली की सारे पुसले जाई.

असे यंत्र विकत घेऊन त्याचे करायचे काय, हा प्रश्न घेऊनच ५ मार्च १९७५ रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या मेन्लो पार्कमधील गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक भरली. फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी ती बोलावली होती. पहिल्याच दिवशी बत्तीस जण आले. त्यांत पुढे ॲपलचा सहसंस्थापक झालेला स्टीव्ह वॉझ्नियाकही होता. गर्दी वाढल्यावर बैठका स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. सूत्रसंचालन ली फेल्सनस्टाइन करत. आधी ज्याने-त्याने उभे राहून आपल्याजवळ काय आहे आणि काय अडले आहे ते सांगायचे. मग सभा मोडायची आणि ज्याला जो हवा त्याने त्याला गाठायचे. कोणती स्मृतीची पाटी दगा देते, कोणता सुटा भाग कुठे स्वस्त मिळतो, कोणत्या आज्ञेला किती वेळ लागतो, अशी सारी माहिती तिथे मोकळेपणाने वाटली जाई. मिट्सच्या ४ के स्मृतिपाट्या भरवशाच्या नव्हत्या. ही तक्रार ऐकून क्लबमधल्याच बॉब मार्श यांनी चांगल्या पाट्या बनवणारी कंपनी काढली.

रेडिओची युक्ती सापडली ती क्लबमधल्या स्टीव्ह डॉम्पियर यांना. अल्टेअर शेजारी चालू असताना ते रेडिओवर हवामानाची बातमी ऐकत होते. आकड्यांची क्रमवार मांडणी करणारा प्रोग्राम सुरू करताच रेडिओतून विचित्र चिरचिराट येऊ लागला. प्रोग्राम बदलला की आवाजही बदले. दुसऱ्या कुणी रेडिओ बंद केला असता किंवा दूर नेऊन ठेवला असता. डॉम्पियर कोणत्या आज्ञांमुळे कोणता सूर निघतो ते टिपत बसले.

यामागचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. प्रोसेसरमधला विद्युतप्रवाह सेकंदाला लाखो वेळा झटक्यात चालू-बंद होतो. अशा तीव्र कडांच्या स्पंदांमध्ये अनेक वारंवारितांच्या लहरी मिसळलेल्या असतात आणि त्यांतल्या काही मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. संगणकातल्या लांब तारा आपोआप ॲन्टेनाचे काम करतात. एएम रेडिओ लहरीच्या तीव्रतेतला चढ-उतार तेवढा ओळखतो आणि त्याचा ध्वनी करतो. म्हणून प्रोग्राममधले एखादे आवर्तन सेकंदाला ४४० वेळा फिरले, तर रेडिओतून ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. अल्टेअरचे घड्याळ सेकंदाला वीस लाख ठोके देई, तेव्हा या सुराच्या एका आवर्तनाच्या वाट्याला सुमारे ४,५४५ ठोके येतात. संख्येतून एक वजा करणे आणि शून्य होईपर्यंत मागे फिरणे या दोन आज्ञांना मिळून १५ ठोके लागत. म्हणजे अशा साधारण ३०० रिकाम्या फेऱ्या मारायला लावल्या की हवा तो सूर मिळे. फेऱ्या निम्म्या केल्या की तोच सूर वरच्या सप्तकात जाई.

१६ एप्रिलच्या क्लबच्या बैठकीत डॉम्पियर यांनी सगळा प्रोग्राम स्विच वर-खाली करून भरला आणि तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकून वीज तुटली. सारे पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले. बीटल्सचे गाणे संपल्यावर अल्टेअरने 'डेझी बेल' हे जुने गाणे वाजवले. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या आयबीएमच्या अवाढव्य संगणकाने कृत्रिम आवाजात हेच गाणे म्हटले होते. जमलेल्यांपैकी अनेकांना तो संदर्भ ठाऊक असावा. चौदा वर्षांपूर्वी ज्यासाठी एक मोठी प्रयोगशाळा लागली होती, ते आता घरी जोडलेली पेटी करत होती.

ही युक्ती तशी नवी नव्हती. आइसलँडमध्ये आलेल्या आयबीएम १४०१ या संगणकाची देखभाल करणारे अभियंते योहान गुन्नारसन यांनी १९६४च्या सुमारास त्याच्या स्मृतीतून निसटणाऱ्या लहरी रेडिओवर पकडून सुरावटी वाजवल्या होत्या. त्यांच्या मुलाने, संगीतकार योहान योहानसन यांनी, पुढे त्या सुरावटींच्या ध्वनिमुद्रणांवरून २००६ मध्ये एक संपूर्ण अल्बम रचला. पण मोठ्या संगणकाजवळ जायला परवानगी लागे. अल्टेअरवाल्यांना ती कुणाकडे मागायची नव्हती, म्हणून एकाला सापडलेली गंमत दुसऱ्या बैठकीपर्यंत सगळ्यांची होई.

या मोकळेपणाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी लिहिलेल्या बेसिक भाषेची छिद्रित कागदी फीत क्लबमध्ये पोचली आणि तिच्या प्रती हातोहात वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ची तारीख असलेल्या जाहीर पत्रात गेट्स यांनी हौशी लोकांना सरळ चोर ठरवले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे आणि ते लिहिताना वापरलेल्या संगणकवेळेची किंमतच ४०,००० डॉलरवर जाते, असे त्यांचे म्हणणे होते. रेडिओची युक्ती वाटण्याबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नव्हती. ती कुणी विकायला काढलीच नव्हती.

ऑगस्ट १९७७ मध्ये टँडी कंपनीचा टीआरएस-८० आला तेव्हा ही युक्ती क्लबबाहेर पडली. या संगणकाला पडदा आणि कळफलक होता, पण आवाज नव्हता. प्लॅस्टिकच्या कवचातून लहरी मात्र भरपूर निसटत. काही खेळ लिहिणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला: शेजारी एएम रेडिओ लावून ठेवला की खेळाला आवाज मिळे. शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचांना त्याच लहरींचा उपद्रव होई. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने घरगुती संगणकांतून निसटणाऱ्या लहरींवर घातलेली मर्यादा १ जानेवारी १९८१ पासून लागू झाली. टीआरएस-८०चे पहिले मॉडेल तिच्यात बसणारे नव्हते आणि ते बाजारातून गेले. पुढच्या संगणकांत लहरी अडवणारे धातूचे आवरण आले आणि आवाजासाठी वेगळी सोयही.

डॉम्पियर यांना जो चिरचिराट ऐकू आला होता, त्याची चिंता लष्कराला कितीतरी आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाच्या लक्षात आले की सांकेतिक संदेश तयार करणारे यंत्र एक पाऊल पुढे सरकले की प्रयोगशाळेत दूर असलेल्या उपकरणाच्या पडद्यावर टोक उमटते, आणि त्या टोकांवरून मूळ संदेश वाचता येतो. ही माहिती अनेक दशके गोपनीय राहिली. १९८५ मध्ये विम व्हॅन एक या डच संशोधकाने उघडपणे दाखवून दिले की संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे लांबून, किरकोळ फेरफार केलेल्या दूरदर्शन संचावरही पाहता येतात. आज संगणक-सुरक्षेत अशा गळतीचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा आहे. यंत्राच्या आत काय चालले आहे हे बाहेर निसटणाऱ्या लहरींवरून कळते, ही तिची पायाभूत कल्पना आहे. हीच गोष्ट लष्कराने कुलपात ठेवली आणि होमब्रूच्या सभासदांनी भर सभेत वाजवून दाखवली.