साखळी दुकाने आली. आता जुन्या बाजाराने काय करावे?

औरंगाबाद शहरात (सरकारी दफ्तरी २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) गेल्या काही वर्षांत जालना रोड, सिडको आणि कॅनॉटच्या बाजूला मोठ्या कंपन्यांची कपड्यांची दुकाने, किराण्याची भांडारे आणि पिझ्झा-बर्गरची हॉटेले एकामागून एक उघडली. एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच भावाची ही दुकाने देशभर सारखीच असतात, म्हणून त्यांना साखळी दुकाने म्हणतात. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, पैठण गेट या जुन्या बाजारातले व्यापारी बंधू भेटले की हाच विषय निघतो. कोणी म्हणतो, बाजार संपला. कोणी म्हणतो, चार दिवसांची हवा आहे. दोन्ही बोलणी हिशेब न मांडता केलेली आहेत. वही उघडून बसले, तर चित्र वेगळे दिसते.

हे लोण आले कसे?

केएफसीने भारतातले पहिले हॉटेल १९९५ मध्ये बंगळुरूत उघडले. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत आले. बिग बझार २००१ साली सुरू झाले आणि डी-मार्टचे पहिले भांडार २००२ मध्ये मुंबईत पवईला निघाले. आपल्या शहरात प्रोझोन मॉल २०१० मध्ये उघडला, तेव्हा अनेकांना तो फिरायला जाण्याची जागा वाटली. पण टाटांच्या ट्रेंट कंपनीने २०१६ च्या सुमारास झुडिओ नावाची स्वस्त कपड्यांची दुकाने काढली आणि मार्च २०२५ अखेर त्यांची संख्या ७६५ झाली. डी-मार्टची भांडारे त्याच वेळी ४१५ होती. ही वाढ एकट्या मुंबई-पुण्याच्या बळावर झालेली नाही. आपल्यासारख्या मधल्या शहरांतले आणि जिल्ह्याच्या गावांतले गिऱ्हाईक त्यांनी हेरले आहे. म्हणजे जे गिऱ्हाईक कालपर्यंत ईदच्या आणि लग्नसराईच्या खरेदीला आपल्याकडे येत होते, तेच.

त्यांच्या धंद्याची रीत

ही दुकाने स्वस्त कशी विकतात? त्यात जादू नाही. पहिली गोष्ट, झुडिओसारखे दुकान स्वतःच्याच छापाचा माल विकते. सुरत, तिरुपूर, लुधियाना येथून माल निघून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत आपल्याकडे अडत्या, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार असे तीन हात लागतात. तिथे एकच हात लागतो. दुसरी गोष्ट, जाहिरातीवर ते फारसा खर्च करीत नाहीत. तिसरी गोष्ट, डी-मार्टने बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घेतल्या आणि माल देणाऱ्याला लवकर पैसे देऊन भाव पाडून घेतला. आपण चार महिन्यांची उधारी मागतो आणि भावही कमी मागतो. पेढीवाला दोन्ही कसे देईल?

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भांडवलाचा फेर. एक साधा हिशेब घ्या. एका दुकानदाराचे एक लाख रुपये मालात आहेत. तो २० टक्के नफ्यावर विकतो, पण वर्षातून तीनच वेळा माल फिरतो. त्याचे झाले ६० हजार. दुसरा १० टक्क्यांवर विकतो, पण माल आठ वेळा फिरतो. त्याचे झाले ८० हजार, आणि गिऱ्हाईकही खूश. आपल्या कपाटांतून दोन-दोन वर्षांचा जुना माल 'भाव येईल' म्हणून पडून असतो. तो माल नसून कोंडलेला पैसा आहे.

मोठे आहेत म्हणून अमर नाहीत

साखळी दुकान कधी बुडत नाही, हाही गैरसमज आहे. चेन्नईहून निघालेल्या सुभिक्षाची देशभर सुमारे १६०० दुकाने होती. २००९ मध्ये ती बंद पडली. बिग बझार चालविणारी फ्युचर रिटेल कंपनी कर्जाखाली आली, २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते: दुकाने वाढविण्याचा वेग जास्त आणि पैसा कर्जाचा. ज्यांनी त्यांना उधारीवर माल दिला, त्यांचे पैसे अडकले. म्हणून मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली की हुरळून जाऊन सगळा कारखाना एकाच गिऱ्हाइकाला बांधू नये. आणि व्याजाच्या पैशावर दुकान वाढविण्यापासून आपल्याला जे दूर ठेवते, त्यात धंद्याचेही शहाणपण आहे, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

जागेचा कायदा

जुन्या बाजाराचे खरे बळ जागेत आहे. साखळी दुकान चौरस फुटावर भाडे देते किंवा विक्रीतला हिस्सा देते. आपल्यापैकी कित्येकांची दुकाने वडिलोपार्जित पागडीची आहेत. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्यात पागडीच्या व्यवहाराला मान्यता आहे आणि मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ घेता येते.

पण याच कायद्यात एक कलम आहे, जे फार थोड्या दुकानदारांना ठाऊक आहे. भाडेकरू जर एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर तिला या कायद्याचे संरक्षण नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, मालकाला अशा कंपनीला जागा देण्यात जास्त फायदा आहे, म्हणून जुन्या भाडेकरूला उठविण्याचा मोह त्याला होणार. दोन, सल्लागाराच्या सांगण्यावरून कोणी आपली पेढी मोठ्या भांडवलाच्या कंपनीत बदलली, तर वडिलांनी राखलेले संरक्षण एका सहीत जाऊ शकते. भाड्याची पावती दर महिन्याला घ्यावी, करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि दुकान भावांच्या वाटणीत गेले असेल तर कागद वेळेवर नावावर करून घ्यावेत. बहुतेक जागा भांडणात जातात त्या कायद्यामुळे नव्हे, कागद नसल्यामुळे.

कर आणि येणी

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर जीएसटी ५ टक्के आहे. त्यावरच्या नगावर १८ टक्के. पूर्वी १००० रुपयांवरच्या नगाला १२ टक्के लागत होता. म्हणजे मध्यम भावाच्या शर्ट, सलवार-सूट आणि मुलांच्या कपड्यांना सवलत मिळाली, पण भारी शेरवानी आणि लग्नाचा जोडा महागला. मीटरवर विकल्या जाणाऱ्या कापडावर ५ टक्केच आहे. कापड घेऊन शिवून देणाऱ्या दुकानदाराने हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगितला पाहिजे.

शिलाई कारखानदार आणि मागवाले यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. आयकर कायद्यात केलेल्या बदलानुसार, सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे कराराशिवाय १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळली तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही. याचा आधार घ्यायचा तर उद्यम नोंदणी हवी. नुसत्या व्यापाऱ्याला, म्हणजे माल घेऊन विकणाऱ्याला, हे संरक्षण नाही. पण त्याला कारखानदाराचे पैसे मात्र वेळेवर द्यावेच लागतील.

हॉटेलवाल्यांसाठी

पिझ्झा-बर्गरच्या हॉटेलात आचारी नसतोच म्हटले तरी चालेल. सगळे मोजून, कापून, गोठवून येते आणि नव्या मुलाला थोड्या दिवसांत काम शिकविता येते. आपल्याकडे नान-खलिया बनविणारा उस्ताद आहे आणि त्याच्या हाताची चव कोणत्याही साखळीच्या यादीत नाही. पण गिऱ्हाईक चवीबरोबर आणखी काही पाहते: बायका-मुलांना बसायची सोय, स्वच्छ मोरी, भिंतीवर लिहिलेले दर, छापील बिल आणि अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी. यातल्या एकाही गोष्टीला करोड रुपये लागत नाहीत.

आपली पोरे तिकडे का जातात?

सगळ्यांत जास्त विचार करावा अशी बाब ही आहे. साखळी दुकानांच्या काउंटरवर आपल्याच मोहल्ल्यातील मुले-मुली दिसतात. पगार फार मोठा असतो असे नाही. पण तो ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो, आठवड्याची सुट्टी असते, पीएफ असतो. आपल्या दुकानात त्याच मुलाला सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उभे राहावे लागते आणि रजा मागितली की तोंड पाहावे लागते. रफूगर, जरीवाले, काज-बटणवाले आणि हिमरूचे विणकर यांचे शागीर्द कमी झाले, त्यात साखळी दुकानांचा दोष किती आणि आपला किती, हे प्रत्येकाने आपल्या गल्ल्यावर बसून ठरवावे. कारीगर गेला की मग कापड विकायला आपल्याजवळ वेगळे असे काय उरणार?

करता येण्याजोगे

१) भाव एकच ठेवावा आणि नगावर लिहावा. घासाघीस न जमणारे गिऱ्हाईकच आधी मॉलकडे वळते.
२) माल बदलून देण्याची मुदत बिलावर छापावी आणि पाळावी.
३) साखळी दुकान मापाचे शिवून देत नाही. कटपीस, मॅचिंग, फॉल-पिको, अल्टर, बुरखा, शेरवानी, शाळेचा गणवेश हे आपले क्षेत्र आहे. शिंप्याला दुकानाशी जोडावे आणि वायदा पाळावा.
४) पाच-सहा दुकानदारांनी मिळून थेट मिलमधून खरेदी करावी. एकट्याला जो भाव मिळत नाही तो सहा जणांना मिळतो.
५) नोकराला लेखी पगार आणि आठवड्याची सुट्टी द्यावी.

जालना रोडवरची दुकाने आता परत जाणार नाहीत. त्यांच्या अंगाने भांडवल आहे. आपल्या अंगाने ओळख, हुन्नर आणि जुनी जागा आहे. ओळखीचा गिऱ्हाईक एक वेळ महाग घेईल, पण फसवणूक आणि खोटा वायदा सहन करणार नाही. येत्या सराईच्या आधी प्रत्येकाने निदान कपाटातला जुना माल काढून टाकावा आणि भाड्याच्या पावत्या एका ठिकाणी लावून ठेवाव्यात. सुरुवात एवढ्यावरून झाली तरी पुष्कळ आहे.