हरल्यानंतरची फौज

जपानी काताना आणि मराठ्यांची धोप यांच्यात कोणती सरस, रोमचे पायदळ आणि चंगीझखानाचे स्वार समोरासमोर आले तर कोण जिंकेल, असल्या प्रश्नांवर रात्र रात्र वाद रंगतात. त्यात मजा आहे, नाही असे नाही. पण या वादांत तुलना होते ती एका क्षणाची: पात्याला धार किती, बाण जातो कुठवर, तोफेचा गोळा किती वजनाचा. खऱ्या फौजांना मात्र पावसाळे काढावे लागत, तनखे भागवावे लागत आणि कधी ना कधी मार खाऊन पुन्हा उभे राहावे लागे. म्हणून दोन सैन्यांची तुलना करताना पहिला प्रश्न असा असावा, असे मला वाटते: या सैन्याची माणसे, घोडी, हत्यारे आणि पैसा बुडाला, तर ते सारे किती दिवसांत आणि कुठून भरून निघेल? मारा किती जबर, हा प्रश्न त्यानंतरचा. ही कसोटी लावली की पुष्कळ नामांकित शस्त्रांची आणि सैन्यांची क्रमवारी बदलते.

आधी पात्याचीच गोष्ट घेऊ. दख्खनचे पोलाद जुन्या जगात वाखाणले जाई. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत तयार होणारे हे पोलाद पश्चिम आशियात जाई, आणि दमास्कसच्या नावाने गाजलेली पाती अशाच पोलादाची. असे पोलाद घरचे असूनही मराठा सरदारांच्या कमरेला फिरंग दिसे; मूठ इथली, पाते समुद्रापलीकडचे. बंदरात उतरणारे लांब, सरळ पाते शेकड्यांनी मिळे, आणि एक मोडले तर दुसरे बसवता येई. उत्तम आणि दुर्मीळ यापेक्षा पुरेसे चांगले आणि हाताशी असलेले बरे, हा व्यवहार लढणाऱ्याला संग्राहकापेक्षा लवकर कळतो.

हाच व्यवहार इंग्लंडला धनुष्याने शिकवला. क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) आणि आजँकूर (१४१५) या लढायांनी इंग्लिश लांब धनुष्याचे नाव अजरामर केले. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले. त्याच्या अवशेषांत शंभराहून अधिक अखंड धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. त्यांतली बरीच धनुष्ये ओढायला शंभर पौंडांहून कितीतरी जास्त जोर लागे. जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्यांत पोरवयापासून धनुष्य ओढणाऱ्याची खूण आढळते. सोळाव्या शतकातली बंदूक या धनुष्यापुढे अगदीच ओबडधोबड होती. ती भरायला वेळ लागे, नेम धड बसत नसे, पाऊस आला की वात विझे. तरी १५९५ साली इंग्लंडच्या राजमंडळाने आपल्या प्रशिक्षित नागरी दलांतून धनुष्य काढून टाकले. कारण तिरंदाज तयार व्हायला दहा-दहा वर्षे जात, बंदुकवाला काही आठवड्यांत उभा राही. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणासुट्टीला नेमबाजीचा सराव सक्तीचा केला होता. राजाला हुकूम काढून लोकांकडून धनुष्य ओढवून घ्यावे लागते, तेव्हा ते शस्त्र किती महाग पडते हे वेगळे सांगायला नको. पुढे १७७६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने जनरल चार्ल्स ली यांना पत्र लिहून धनुष्यबाण परत आणावेत असे सुचवले. बाण बंदुकीपेक्षा भरभर सुटतात, धूर होत नाही, ही त्याची कारणे बरोबरच होती. पण अमेरिकेत तिरंदाज आणायचे कुठून?

हीच कसोटी संपूर्ण सैन्यांना लावली तर रोमइतका बोलका दाखला दुसरा नाही. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनाय येथे हॅनिबलने रोमचे सैन्य एका दिवसात कापून काढले; मृतांचे बहुतेक प्राचीन आकडे पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर जातात. डावपेच म्हणून ती लढाई आजही लष्करी शाळांत शिकवतात. हॅनिबल त्या युगातला सर्वश्रेष्ठ सेनानी होता, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होते. पण रोमने गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली, जोडीदार नगरांकडून माणसे मागवली, आणि थोड्याच वर्षांत वीसहून अधिक लीजन मैदानात उभे केले. उलट मॅसिडोनिया पाहा. तिथल्या लांब भाल्यांच्या फलँक्सला सपाट जमिनीवर समोरून भिडणे रोमनांनाही जमत नसे. ही व्यूहरचना खडबडीत जमिनीवर फुटते, असे पॉलिबियसने नेमके सांगितले आहे, आणि ते खरेच आहे. पण त्याच्या विवेचनात एक गोष्ट मागे पडते. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्ना येथे एका दिवसात राजा पर्सियसचे सैन्य मोडले आणि त्याच्यापाशी दुसरे सैन्य नव्हते. पुढच्या वर्षी त्याच्या राज्याचे चार तुकडे झाले. रोमलाही कॅनायला असाच एक दिवस आला होता.

आता आक्षेप. लोकसंख्या आणि पैसा एवढेच निर्णायक असते तर मूठभर मंगोलांनी चीनपासून हंगेरीपर्यंत धुमाकूळ कसा घातला? उत्तर त्यांच्या गवतात आहे. स्टेपमधला प्रत्येक पोरगा स्वार आणि तिरंदाज म्हणूनच वाढे, आणि प्रत्येक स्वारामागे राखीव घोडी असत. म्हणजे इंग्लंडला कायद्याने जे घडवावे लागे ते इथे दूध-मटणाबरोबर फुकट मिळे. मात्र कुरण संपले की ही सोय संपे. फ्रान्सच्या राजाला १२६२ साली लिहिलेल्या पत्रात मंगोल सेनानी हुलागूने सीरियातून आपले बहुतेक सैन्य मागे घेण्याचे कारण दिले आहे ते चारा आणि धान्य संपल्याचे. मागे राहिलेल्या तुकडीचा १२६० मध्येच आइन जालूत येथे मामलुकांनी फडशा पाडला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हत्यारांत प्रचंड तफावत असेल तर भरपाईचा प्रश्न उरतोच कुठे? १८९८ मध्ये सुदानात ऑमडर्मन येथे ब्रिटिश सेनानी किचनरच्या मॅक्झिम तोफांपुढे एका सकाळी महदीच्या अनुयायांपैकी सुमारे दहा हजार पडले. किचनरचे मेले ते पन्नासच्या आत. हा दाखला निर्णायक वाटतो खरा. पण त्याच सुदानात १८८३ साली हिक्स पाशाने क्रुप तोफा घेऊन वाळवंट गाठले होते आणि तहानेने हैराण झालेले त्याचे सुमारे दहा हजारांचे सैन्य जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले. पंधरा वर्षांत मारकशक्ती वाढली होती, हे मान्य. पण किचनरने ऑमडर्मनच्या आधी वादी हल्फापासून अबू हमदपर्यंत वाळवंटातून लोहमार्ग टाकला होता. हिक्सकडे नव्हती ती गोष्ट ही: पाणी, दाणा आणि काडतुसे रोज पुढे येण्याची सोय. उलट बाजूने १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना येथे झुलूंनी भाल्यांनी एक ब्रिटिश छावणी कापून काढली. पण त्यांचे लढवय्ये हेच गुराखी आणि तेच शेतकरी. ते घरी परतले. तिकडे बोटींतून नवी पलटण उतरली. सहा महिन्यांच्या आत झुलूंची राजधानी उलुंडी जळाली.

मराठी वाचकाला या कसोटीचा खरा उपयोग आपल्याच इतिहासात होतो, कारण आपल्याकडे दोन पराभव शेजारी शेजारी उभे आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेला संहार १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धातल्या कुठल्याही लढाईपेक्षा कितीतरी मोठा होता. तरीही अडीच वर्षांत, ऑगस्ट १७६३ मध्ये, पेशवे माधवरावांनी राक्षसभुवनला निजामाला धूळ चारली, आणि १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. १८०३ मध्ये मात्र अलीगढ ४ सप्टेंबरला पडले आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. चार महिन्यांत शिंद्यांची उत्तरेतली सत्ता आटोपली.

शस्त्रे पाहिली तर हे उलटे व्हायला हवे होते. पानिपतानंतर परतले ते बव्हंशी शिलेदारांचे घोडदळ, म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचा भाला आणि गावी थोडे वतन. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी बुडे, म्हणून तो घोडा जपून लढे. शिवाजी महाराजांनी सरकारी पागेतल्या बारगिरांवर भर दिला त्यामागे हेही एक कारण असावे. घोडा सरकारचा असेल तर स्वार बेधडक जातो. पण शिलेदारी पद्धतीची दुसरी बाजूही आहे. फौजेचा खर्च हजारो घरांत विभागलेला असल्यामुळे खजिना रिकामा असला तरी पुढच्या दसऱ्याला घोडी पुन्हा निघत. उलट १८०३ मधले शिंद्यांचे कवायती कंपू हे हिंदुस्थानातले अव्वल पायदळ होते. युरोपीय सेनानी द बॉयनने १७८४ पासून बांधलेल्या या पलटणींनी १७९० साली पाटण आणि मेडता इथे राजपुतांना पाणी पाजले होते. असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, त्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाला तोफांवरून पुढे जाऊ दिले आणि मेल्याचे सोंग टाकून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीचे मृत आणि जखमी पंधराशेच्या वर गेले. म्हातारपणी, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर, वॉटर्लू जिंकलेल्या या गृहस्थाने असईचे नाव घेतले.

ज्यांना वाटते की मराठ्यांनी गनिमी कावा सोडला म्हणून ते बुडाले, त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. कवायती फौज ही चूक नव्हती. ती न बांधता तोफेपुढे उभे राहता आले नसते. चूक होती तिचे सारे पोषण एकाच ठिकाणी ठेवण्याची. तिचा पगार मुख्यतः दुआबातल्या जायदादीतून येई, तोफा आग्रा-मथुरेकडे ओतल्या जात, आणि हुकूम देणारे बरेचसे परदेशी होते. ईस्ट इंडिया कंपनीने जाहीरनामा काढून त्यांना फोडले, आणि अलीगढ पडायच्या सुमारास खुद्द त्यांचा सरसेनापती पेरॉन इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इंग्रज सेनापती लेकने अलीगढ, दिल्ली, आग्रा घेतले तेव्हा असईच्या पलटणींचा पुढच्या महिन्याचा पगारही त्याच्या हाती गेला. इकडे वेलस्ली मात्र बैल, तांदूळ आणि रोकड यांची चिंता तोफांइतकीच करत होता, आणि कंपनीला पैसे आपल्याच देशातले सावकार देत होते.

कुणी म्हणेल, पानिपतानंतर अब्दाली परत गेला. कंपनी गेली नाही. हा मुद्दा मला मान्य आहे. भरपाईला वेळ लागतो, आणि तो वेळ शत्रूने द्यावा लागतो. म्हणूनच शहाणा शत्रू तो देत नाही. सुर्जी-अंजनगावच्या तहात कंपनीने दुआब मागून घेतला आणि इंग्रजांशी युद्ध असलेल्या राष्ट्रांतली माणसे नोकरीत ठेवायची नाहीत अशी अट घातली. शिंद्यांच्या तोफा त्यानंतरही चांगल्याच होत्या. चाळीस वर्षांनी, डिसेंबर १८४३ मध्ये, महाराजपूरला ग्वाल्हेरच्या तोफखान्याने इंग्रजांचे पुन्हा जबर नुकसान केले. त्यावर कंपनीने १८४४ च्या तहात ग्वाल्हेरची फौज नऊ हजारांवर आणि तोफा बत्तीसवर बांधून टाकल्या.