राउटरला पत्ते दोन: एक घरातला, एक केबलवाल्याचा

कल्याणच्या पुढे, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात, बऱ्याच घरांत इंटरनेट आणून देतो तो टीव्हीचाच केबलवाला. तोच खांबावरून फायबर ओढतो, भिंतीला डबा ठोकतो, राउटरच्या पानावर दोन-चार गोष्टी टाइप करतो आणि ‘झालं काका, आता कशाला हात लावू नका’ म्हणून जिना उतरतो. हात लावला जातोच. नेट मंदावलं की शेजारचा कॉलेजकुमार येतो, एखादा यूट्यूब व्हिडिओ लावतो आणि त्यात दिसतील ते आकडे आपल्या राउटरमध्ये भरतो. व्हिडिओ करणाऱ्याची कंपनी निराळी, कनेक्शनचा प्रकार निराळा. पण आकडे सगळीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे चालून जाईल असं वाटतं.

घोळ तिथेच होतो. राउटरच्या पानावर पत्ता विचारणाऱ्या जागा दोन असतात. ‘लॅन’ म्हणजे घराच्या आतली बाजू. तिथले आकडे आपल्या मर्जीचे. ‘वॅन’ म्हणजे घराबाहेर, केबलवाल्याकडे जाणारी बाजू. तिथे तो सांगेल तेच. एक बाजू दुरुस्त करायला जायचं आणि दुसरी बिघडवून ठेवायची, असा हा प्रकार. पुढचे बहुतेक गैरसमज याच गल्लतीतून आलेले आहेत.

‘१९२.१६८ हा माझा इंटरनेटवरचा पत्ता’

नाही. तो फक्त घरातला पत्ता आहे, आणि तुमच्या शेजाऱ्याकडेही हुबेहूब तोच असू शकतो.

उल्हासनगरकरांना हे समजावायला फार कष्ट पडू नयेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, आणि पत्ता आजही अनेक ठिकाणी बॅरक नंबर, रूम नंबर, कॅम्प असाच लिहिला जातो. पाकिटावर नुसतं ‘रूम नंबर ५’ लिहिलं तर पोस्टमन कुठल्या बॅरकीत जाणार? १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तसे आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार तीन गट खासगी वापरासाठी मोकळे सोडले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. ते कुणीही, कुठेही, विनापरवाना वापरावेत. मात्र उघड्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमची विनंती बाहेर जाताना राउटर त्यावरचा घरातला पत्ता काढतो, आपला बाहेरचा पत्ता लावतो, आणि उत्तर आलं की ते योग्य मोबाइलकडे वळवतो. या अदलाबदलीला ‘नॅट’ म्हणतात.

म्हणूनच राउटरचं पान उघडायचा पत्ताही एकच एक नसतो. अनेक राउटरचा १९२.१६८.१.१, काहींचा १९२.१६८.०.१, जिओच्या घरगुती फायबरचा सहसा १९२.१६८.२९.१. पान उघडलं नाही म्हणजे राउटर गेला, असं समजून नवा घेऊ नका. मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावापुढे जो आकडा दिसतो, तोच खरा. तो वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकायचा, शोधाच्या चौकटीत नव्हे. एकच्या जागी इंग्रजी एल टाकायचा नाही. आणि त्या वेळी मोबाइलचा डेटा बंद ठेवायचा. (या लेखातले आकडे मराठीत छापलेले आहेत. टाइप करताना इंग्रजीच वापरा, मराठी आकड्यांना राउटर दाद देत नाही.)

‘नेट गेलं की रिसेट मारायचं’

रिस्टार्ट आणि रिसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केलं तर काहीही पुसलं जात नाही. वीज गेल्यानेही नाही. पण मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबली, की राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा होतो. केबलवाल्याने भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड त्यात जातात. पीपीपीओई नावाच्या पद्धतीत (१९९९ पासून चालत आलेली) या दोन गोष्टींशिवाय पलीकडचं यंत्र दारच उघडत नाही. मग रविवारी संध्याकाळी ऑपरेटरच्या पोराला फोन लावत बसायचं.

पीपीपीओईच्याच पानावर ‘एमटीयू’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात १४९२ असा विचित्र आकडा दिसतो. तो चुकलाय असं वाटून १५०० करणारे महाभाग आहेत. १४९२ च बरोबर आहे: पाकिटाच्या १५०० बाइटांपैकी ८ या पद्धतीच्या शिक्क्यातच जातात.

दुसरी गंमत नवा राउटर आणल्यावर होते. सगळं जसंच्या तसं भरलं, तरी नेट नाही. दुकानदाराने खराब माल दिला, असा संशय येतो. पुष्कळदा कारण असं असतं की ऑपरेटरने तुमचं खातं जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्रावर कोरलेल्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवलेलं असतं. त्याला फोन करून ‘मॅक बदलून घ्या’ सांगितलं की दोन मिनिटांत काम होतं. आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर राउटरचं पान उघडूच नका. बहुधा कुठेतरी रस्ता खणताना तार तुटली आहे. आकडे बदलून ती जुळत नाही.

उलट लॅपटॉपने स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दाखवला, तर ऑपरेटरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. राउटरकडून पत्ताच मिळाला नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. दोष घरातच आहे: वायर, वाय-फाय किंवा राउटरचं पत्तावाटप.

‘स्टॅटिक आयपी टाकला की स्पीड वाढतो’

या भागातल्या मोबाइल दुकानांत हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. पत्ता बदलल्याने वेग वाढत नाही. वेग ठरतो तुमच्या प्लॅनवर, ऑपरेटरकडच्या गर्दीवर आणि राउटर व तुमच्यामधल्या भिंतींवर. राउटरला लॅपटॉप वायरने जोडून स्पीड टेस्ट करा. वायरवर वेग पूर्ण आणि बेडरूममध्ये निम्मा, तर अडचण भिंतीची आहे.

पण ‘स्टॅटिक’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं लपलेली असतात. मोबाइलमध्येच पत्ता हाताने भरणं, हे पहिलं. याची घरी फारशी गरज नसते, आणि तोच पत्ता राउटरने उद्या टीव्हीला दिला तर दोघंही अडखळतात. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करणं, हे दुसरं. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला दरवेळी तोच पत्ता मिळावा म्हणून हेच करावं. तिसरं म्हणजे ऑपरेटरकडून विकत घेतलेला बाहेरचा कायमचा पत्ता. वॅनच्या पानावर ‘स्टॅटिक’ निवडून मनाने आकडे भरणं यांपैकी कशातच बसत नाही. त्याने नेट बंद पडतं, एवढंच.

कॅम्प तीनमधला फर्निचरवाला घ्या, किंवा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला छोटा कारखानदार. त्याला दुकानातले कॅमेरे बदलापूरच्या घरी बसून बघायचे आहेत. कॅमेरा लावणारा ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतो, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरने कॅमेऱ्यांकडे वळवावी अशी सोय करतो, दुकानात सगळं चालतं, घरी काहीच दिसत नाही. तंत्रज्ञ ऑपरेटरवर ढकलतो, ऑपरेटर तंत्रज्ञावर. खरी गोष्ट राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर लिहिलेली असते. तिथे वॅनसमोर दिसणारा पत्ता टिपून घ्या. मग गूगलवर ‘माझा आयपी’ शोधा आणि येणारा पत्ता त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही एकच असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग चालायला हवं. वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर ऑपरेटरच्या बाजूला आणखी एक नॅट बसवलेलं आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरचा एकच पत्ता तुमच्यासकट कित्येक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली हाक तुमच्या दुकानापर्यंत पोचतच नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा.

यात ऑपरेटरची लबाडी नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही-४) पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. त्यानंतर, एप्रिल २०१२ मध्ये, १००.६४ चा पट्टा खास या सामायिक वापरासाठी राखून ठेवण्यात आला. छोट्या ऑपरेटरला प्रत्येक घरासाठी वेगळा पत्ता परवडत नाही. दुकानासाठी तो हवाच असेल तर वर्षाचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर कंपनीच्या क्लाउडमधून चालणारे कॅमेरे घ्या. घरात फक्त सिनेमे बघायचे आणि मुलांचे क्लास चालवायचे असतील, तर सीजीनॅटने काही बिघडत नाही.

‘दुसरा राउटर नुसता जोडला की झालं’

दुमजली रो-हाउस असो, की खाली दुकान-वर घर, एक राउटर पुरत नाही. जुना पडलेला राउटर वर नेऊन वायर खोचली जाते. काही दिवस बरं चालतं, मग तक्रार येते: ताईच्या फोनवर नेट आहे, दादाच्या नाही, वाय-फायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह, संध्याकाळी आपोआप ठीक. भुताटकी वाटावी असा हा प्रकार, पण कारण साधं आहे. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ समजतात आणि दोघंही घरात पत्ते वाटत सुटतात. ज्याला वरच्याकडून पत्ता मिळाला, तो बाहेर जायची वाट वरच्यालाच विचारतो, आणि वरच्याला ती ठाऊक नसते.

दुरुस्ती घरच्या घरी होते. जुना राउटर आधी एकटाच लॅपटॉपला वायरने जोडा. त्याच्या लॅनच्या पानावर पत्ता १९२.१६८.१.२ करा. सेव्ह करताच पान अडकेल, कारण पत्ता बदललाय; नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, बंद करा. मग खालून आलेली वायर त्याच्या लॅन भोकात लावा, वॅनचं वेगळ्या रंगाचं भोक रिकामं सोडा. खालच्या राउटरचं वाटप १०० पासून पुढे ठेवलं तर १.२ कुणाला चुकून दिला जाणार नाही. नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो. तो निवडला की यातलं बरंचसं तो स्वतः करतो.

‘डीएनएस ८.८.८.८ करा, नेट उडेल’

डीएनएसचं काम एकच: संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणं. ऑपरेटरचा डीएनएस रेंगाळत असेल तर पान उघडतानाचा क्षण वाचतो. २००९ साली आलेला गूगलचा ८.८.८.८ किंवा २०१८ चा १.१.१.१ तिथे उपयोगी पडतो. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन त्याने साठचा होत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आंदोलनानंतर बदलापुरात इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली होती; अशा वेळी तर डीएनएसचा कुठलाच आकडा कामाचा नाही.

या रकान्यात भलतंच काही भरलेलं नाही ना, हे मात्र अधूनमधून बघावं. ‘डीएनएस चेंजर’ या व्हायरसने जगभरातली लाखो यंत्रं भामट्यांच्या डीएनएसकडे वळवली होती. अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी चालवलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. बचाव सोपा आहे. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा. दुसरा ‘ॲडमिन’चा ‘ॲडमिन’च ठेवायचा नाही.

‘आयपी बदलला की आपण सापडत नाही’

घरातला पत्ता बदलून बाहेर काहीच बदलत नाही. राउटर बंद-चालू करून बाहेरचा बदलला, तरी कुठल्या वेळी कुठला पत्ता कुणाकडे होता, याची नोंद ऑपरेटरला ठेवावी लागते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत किमान दोन वर्षं केली. म्हणूनच वाय-फायचा पासवर्ड अख्ख्या मजल्याला वाटणं धोक्याचं. गैरप्रकार कुणीही केला तरी माग येऊन थांबतो तो तुमच्या खात्यावर.

‘आयपीव्ही-६ बंद करा, त्याने नेट स्लो होतं’

भारतात आज आयपीव्ही-६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, वापर जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे; २०१६ पासून जिओच्या मोबाइल सेवेने त्याला मोठा रेटा दिला. ऑपरेटर देत असेल तर चालू ठेवा. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता मिळतो, त्यामुळे सीजीनॅटची अडचणच उरत नाही. मात्र राउटरमधली आयपीव्ही-६ फायरवॉल बंद करायची नाही. कॅमेरे बाहेरून बघायचे असतील, तर उघडायचं ते फक्त डीव्हीआरचं एकच पोर्ट. आणि फर्निचरवाल्याने हे ध्यानात ठेवावं की असा कॅमेरा त्याला आयपीव्ही-६ असलेल्या मोबाइल डेटावर दिसेल. ज्या वाय-फायवर अजून फक्त आयपीव्ही-४ आहे तिथे पडदा काळाच राहील.