पाच सेकंद थांबलं की नेम सुधारतो

समोर छोटा दिवा लागला की तिकडे बोट न्यायचं, एवढीच परीक्षा होती. वैद्यकीय साहित्यात ए. टी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्ण स्त्रीला दिवा दिसत होता, हातातही ताकद होती. बोट मात्र भलतीकडे जाई. मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पार्श्विका खंडांना, इजा झाली होती. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेव्हिड मिल्नर आणि सहकाऱ्यांनी तिला दिवा दाखवला, विझवला आणि ५ सेकंद थांबायला सांगितलं. एवढं थांबल्यावर निरोगी माणसाचा नेम ढळतो. तिचा सुधारला!

डी. एफ. या दुसऱ्या रुग्ण स्त्रीची गत नेमकी उलटी. १९८८मध्ये कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्यापासून तिला वस्तूचा आकार सांगता येत नसे. पण ती उचलायला हात पुढे केला की बोटं बरोबर तेवढीच उघडत. वस्तू नजरेआड करून २ सेकंद थांबवलं, की ते माप हरवे.

दोघींना शेजारी ठेवलं की लक्षात येतं : दिसतंय तिथे हात टाकणं आणि दिसलं होतं तिथे हात नेणं, ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पार्श्विका खंडाच्या वाटेनं होतं. तिथलं मोजमाप त्या क्षणापुरतं. दुसऱ्याला वस्तू ओळखणाऱ्या, मेंदूच्या खालच्या बाजूच्या भागांची मदत लागते.

मग मधल्या काळात जागा धरून कोण ठेवतं? येल विद्यापीठात शिंतारो फुनाहाशी, चार्ल्स ब्रूस आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८९मध्ये याचं एक उत्तर दिलं. माकडानं मध्यबिंदूवर नजर रोखायची. आठांपैकी एका जागी अर्धा सेकंद ठिपका चमके. काही सेकंदांनी मध्यबिंदू विझला, की आठवलेल्या जागी नजर टाकायची. कपाळामागच्या मेंदूतल्या काही पेशी त्या रिकाम्या सेकंदांतही सक्रिय राहत. प्रत्येकीची दिशा ठरलेली. माकड चुकलं त्या वेळी बऱ्याचदा ही सक्रियता मध्येच ओसरलेली असे.

पण या प्रयोगात नजर रोखलेली होती; एरवी डोळे सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलतात. मग ‘उजवीकडे’ला अर्थ काय उरणार? ज्याँ-रेने दुहामेल, कॅरल कोल्बी आणि मायकेल गोल्डबर्ग यांना १९९२मध्ये पार्श्विका खंडात अशा पेशी आढळल्या, ज्या नजर हलण्याआधीच नव्या स्थितीचा हिशेब मांडू लागतात.

रोजच्या कामात ही आठवण काटेकोर नसली तरी भागतं. मायकेल लँड यांनी चहा करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा डोळे हाताच्या सुमारे अर्धा सेकंद आधी पुढच्या वस्तूवर पोहोचत होते. म्हणजे आठवणीनं नजरेला जवळपास नेऊन सोडायचं, नेमकी जागा नजरेनं शोधायची आणि मग हातानं जायचं. कुणी साखरेचा डबा सरकवला, तर फसते ती नजर, हात वाचतो. वीज गेल्यावर मात्र मधली दुरुस्ती करणारं कुणी नसतं, म्हणूनच ओळखीच्या ओट्यावरही चाचपडावं लागतं.