घराबाहेर पडलेले सूर

सप्टेंबर 1999 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ‘अमेरिकन फुटबॉल’ नावाच्या बँडचा पहिला अल्बम निघाला. मुखपृष्ठावर अर्बाना गावच्या हाय स्ट्रीटवरचे एक पांढरे लाकडी घर होते. छायाचित्रकार ख्रिस स्ट्राँग यांनी ते खालून टिपले होते. हा अल्बम बाजारात आला तोवर बँडच्या तिन्ही मुलांचे कॉलेज संपत आले होते, आणि लवकरच बँडही संपला. ना मोठा दौरा, ना निरोपाचा कार्यक्रम. मात्र या अल्बमचे आयुष्य बँड थांबल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाले.

हा बँड ज्या ‘इमो’ संगीतातला, तो प्रकार 1980 च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन शहरातल्या पंक संगीतातून निघाला. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’सारख्या बँडनी पंकचा वेग आणि आवेश तसाच ठेवला, पण जगावर ओरडण्याऐवजी स्वतःच्या मनातली घालमेल गायला सुरुवात केली. पुढच्या दशकात हे लोण शिकागो आणि आसपासच्या विद्यापीठांच्या गावांत पोहोचले. तिथे गाणी मवाळ झाली, गिटारची वीण मात्र गुंतागुंतीची होत गेली. काळे कपडे आणि डोळ्यांत काजळ ही इमोची लोकप्रिय ओळख त्यानंतरची. 2006 च्या ‘द ब्लॅक परेड’ या अल्बमने आणि तो करणाऱ्या ‘माय केमिकल रोमान्स’ने ती जगभर नेली.

‘अमेरिकन फुटबॉल’ या झगमगाटाच्या आधीचा बँड. माइक किन्सेला गिटार वाजवत आणि गात, स्टीव्ह होम्स दुसरी गिटार वाजवत आणि स्टीव्ह लॅमोस ड्रम सांभाळत. मधूनच लॅमोस काठ्या ठेवून ट्रम्पेट हाती घेत. बँडमध्ये बासवादक नव्हता, त्यामुळे ध्वनिमुद्रणात बासही किन्सेला यांनीच वाजवला. ‘नेव्हर मेंट’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात गिटारच्या तारा नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावलेल्या नसून एफ-ए-सी-जी-सी-ई अशा लावल्या आहेत. त्यामुळे बोट न ठेवता छेडलेल्या तारांतूनही एक ओलसर, अर्धवट राहिलेला स्वरमेळ उमटतो. दोन्ही गिटार वेगवेगळ्या लहान आकृत्या पुन्हा पुन्हा वाजवतात आणि त्या एकमेकींत गुंफल्या जातात. या रचनांमागे स्टीव्ह राइख यांच्या आवर्तनप्रधान संगीताचा आणि माइल्स डेव्हिस यांच्या जॅझचा प्रभाव होता. रॉकच्या ठरावीक चार मात्रांऐवजी इथे विषम मात्रांची आवर्तने भेटतात. रूपक तालाच्या सात मात्रा अंगवळणी पडलेल्या आपल्या श्रोत्याला ती चटकन उमगतील.

बँड थांबला, पण इंटरनेटवर हातोहाती फिरत हा अल्बम नव्या पिढीपर्यंत गेला. 2010 च्या सुमारास अमेरिकेत इमोची नवी लाट आली, तेव्हा तिच्यातल्या कितीतरी तरुण वादकांना या गुंफलेल्या गिटार पाठ होत्या. अर्बानातल्या त्या घरासमोर फोटो काढायला चाहते येऊ लागले. 2014 मध्ये ‘पॉलीव्हिनाइल’ या मूळ कंपनीने अल्बमची वाढीव आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी बँड पुन्हा मंचावर उभा राहिला. माइक यांचे चुलतभाऊ नेट किन्सेला बास वाजवायला आले. न्यू यॉर्कच्या वेब्स्टर हॉलमधल्या कार्यक्रमाची तिकिटे पाहता पाहता संपली आणि तिथे आणखी कार्यक्रम वाढवावे लागले.

इथेच खरी अडचण सुरू होते. इमो हे विशीतले संगीत. त्यातला प्रेमभंग, त्यातला पोरकेपणा, त्यातली ‘मला कुणी समजून घेत नाही’ ही तक्रार, सगळे त्या वयाचे. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा संसारी माणूस तीच तक्रार त्याच सुरात मांडू लागला, तर ती खोटी वाटते. म्हणून परतलेले बहुतेक बँड जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतात आणि टाळ्या घेतात. ‘माय केमिकल रोमान्स’ 2019 मध्ये पुन्हा एकत्र आला, तरी नंतरच्या काही वर्षांत त्याने नवे गाणे दिले ते एकच, 2022 साली. नवा अल्बम करण्यात मोठी जोखीम असते, कारण तो स्वतःच्याच दंतकथेशी तोलला जातो.

‘अमेरिकन फुटबॉल’ने 2019 पर्यंत ती जोखीम दोनदा घेतली. 2016 चा दुसरा अल्बम सुरेल आणि नेटका आहे, पण तो सतत पहिल्याकडे वळून पाहतो. मुखपृष्ठावर घर तेच, फक्त या वेळी आतून. गाण्यांत जबाबदाऱ्या आणि शिणलेली नाती आली, तरी आवाजाची ठेवण ओळखीचीच राहिली.

मार्च 2019 मध्ये आलेल्या तिसऱ्या अल्बमचे मुखपृष्ठ घर मागे सोडून शहराबाहेरच्या मोकळ्या, धूसर शिवारात जाते. संगीतही तसेच मोकळे झाले आहे. गाणी आठच, पण लांब. ‘सिल्हूट्स’ हे पहिलेच गाणे सात मिनिटांच्या वर जाते आणि व्हायब्राफोनच्या किणकिणाटातून हळूहळू आकार घेते. गुंफलेल्या गिटार आणि विषम मात्रा जागच्या जागी आहेत, पण आता त्यांच्याभोवती भरपूर जागा आहे आणि शांततेलाही वाव आहे.

सर्वांत मोठा बदल आवाजांचा. किन्सेला यांच्या एकट्या स्वगताला या अल्बममध्ये उत्तर देणारी माणसे भेटतात. लँड ऑफ टॉक या कॅनेडियन बँडच्या एलिझाबेथ पॉवेल एका गाण्यात फ्रेंचमधून गातात. स्लोडाइव्ह या ब्रिटिश बँडच्या रेचल गॉस्वेल दुसऱ्या गाण्यात येतात. स्लोडाइव्हही 1990 च्या दशकात फुटून 2014 मध्येच पुन्हा जुळलेला बँड. ‘अनकम्फर्टेबली नम’मध्ये पॅरामोर या बँडच्या हेली विल्यम्स आहेत. तरुणपणी बापाला दोष देणारा मुलगा आता स्वतः बाप झाला आहे आणि त्याच्याकडे दोष द्यायला कुणी उरलेले नाही, हा त्या गाण्याचा गाभा. विशीत लिहिता न येणारे हे गाणे आहे. ‘एअर अपॅरंट’च्या शेवटी लहान मुलांचा गायनवृंद येतो आणि वारशाचा तो प्रश्न पुढच्या पिढीच्या गळ्यातून ऐकू येतो.

या प्रौढपणामागे साधे वास्तवही आहे. हे लोक पोटापाण्यासाठी या बँडवर अवलंबून नव्हते. लॅमोस कोलोरॅडो विद्यापीठात लेखनकलेचे अध्यापन करतात, किन्सेला यांनी मधली वर्षे ‘ओवेन’ या नावाने एकट्याने गाणी केली. वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्या या मंडळींनी नोकरी-संसारातून वेळ काढून हा अल्बम घडवला. पुढे 2021 मध्ये लॅमोस बँडमधून बाहेर पडले आणि 2023 मध्ये परतले. त्याच 2023 मध्ये बँड, पॉलीव्हिनाइल आणि छायाचित्रकार स्ट्राँग यांनी इतर काही जणांसह अर्बानातले ते घर विकत घेऊन जपले.

पहिल्या अल्बमची थोरवी निर्विवाद आहे, पण या तिन्हींमध्ये सर्वांत परिपक्व अल्बम तिसराच. ज्यांनी इमो म्हणजे पोरवयातले रडगाणे म्हणून बाजूला ठेवले असेल, त्यांनी हेडफोन लावून ‘सिल्हूट्स’पासून सुरुवात करावी आणि मग मागे जात पहिल्या अल्बमपर्यंत पोहोचावे.